आधी अभिप्रायांची वही वाचा, मग निर्णय घ्या

प्रति,
मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
नगरपरिषद.

विषय : कॉलेज रस्त्यावरचा इटालियन सँडविचचा ट्रेलर हटवल्याबाबत.

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अतिक्रमण विभागाने कॉलेज रस्त्यावरचा इटालियन सँडविचचा ट्रेलर ट्रॅक्टरला जोडला आणि नगरपरिषदेच्या आवारात नेऊन उभा केला. तो चालवणाऱ्या दोघी जावांच्या हातात एक पत्र ठेवलं. पत्रात कारण एवढंच, की नागरिकांच्या तक्रारी आणि इंटरनेटवरचे प्रतिकूल अभिप्राय विचारात घेऊन सदर जागेवरचा व्यवसाय तात्काळ बंद करण्यात येत आहे. तक्रार कोणाची, कोणत्या तारखेची, कशाबद्दलची, यातलं एक अक्षर त्यात नाही.

हे पत्र मी बंद पाकिटात पाठवू शकले असते. पण ज्या गिऱ्हाइकांच्या नावाने आपण हा निर्णय घेतला, त्यांना तो वाचता यावा आणि त्यावर बोलता यावं, म्हणून उघडपणे लिहिते आहे. त्यांच्यातलीच मी एक आहे.

माझा यातला व्यवहार आधीच सांगते. माझी बेकरी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. लादीपाव, टोस्ट, खारी, नानखटाई हे आमचं रोजचं काम. या ट्रेलरला लागणारे दोन्ही पाव, फोकाचिया आणि चाबाता, माझ्या भट्टीतून जातात. ट्रेलर बंद झाल्यापासून ते ट्रे रिकामे आहेत आणि पहाटेच्या पाळीला ठेवलेल्या मुलाला मी काय काम देऊ, हा प्रश्न माझ्यासमोर रोज सकाळी उभा आहे. तेव्हा मी तिऱ्हाईत म्हणून बोलत नाही. पण ज्या पदार्थावरून हे सगळं झालं तो आतून-बाहेरून माहीत असलेली बाई म्हणून माझं ऐकावं, एवढी विनंती आहे.

चाबाता ऐकायला फार जुना वाटतो, पण तो १९८२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात, आद्रिया इथल्या आर्नाल्दो काव्हाल्लारी या बेकरने तयार केला. फ्रान्सचा लांबोडका बगेत तेव्हा इटलीतल्या सँडविचच्या दुकानांत शिरत होता, त्याला आपल्या पिठाचं उत्तर असावं म्हणून. त्यात पाणी भरपूर लागतं. दहा किलो मैद्याला साडेसात ते आठ किलो पाणी. ते पीठ लादीपावासारखं मळता येत नाही, हाताला चिकटून येतं. ओल्या हाताने घडी घालायची, थांबायचं, पुन्हा घडी घालायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, भट्टीजवळ तर त्याहून वर. तेव्हा बर्फाचं पाणी वापरलं नाही तर पीठ बघता बघता चढतं आणि आंबतं. फोकाचिया लिगुरिया प्रांतातला, जेनोव्हा शहराकडचा. त्यावर बोटांनी खळगे पाडून मिठाचं पाणी आणि ऑलिव्ह तेल ओततात. भाजताना ते खळग्यांत मुरतं. हे मला त्या घरातल्या धाकट्या जावेने शिकवलं. ती नाशिकला हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेली. थोरली आधी हातगाडीवर साधं टोस्ट सँडविच विकायची. दोघींनी मिळून बँकेचं कर्ज काढलं आणि ट्रेलर बांधून घेतला.

आता अभिप्रायांकडे येते, कारण आपला सगळा निर्णय त्यांच्यावर उभा आहे.

ट्रेलरच्या खिडकीला सुतळीने एक लाँगबुक बांधलेलं असतं, सोबत पेन. कोपरे तेलाने पारदर्शक झालेले, मध्येच एखाद्या पानावर टोमॅटोचा ठसा. पहिल्या पानावर धाकटीने लिहिलं आहे, आवडलं तर लिहा, आवडलं नाही तर नक्की लिहा. त्या वहीची झेरॉक्स या पत्रासोबत आपल्या आवक विभागात दिली आहे. आपल्या कार्यालयातल्या कोणीही ती वही कधी मागितली नाही. इंटरनेटवरचे तारे मोजायला वेळ मिळाला, मग लोकांनी उभं राहून स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाचायला का मिळू नये?

त्या वहीत कौतुक कमी आणि सूचना जास्त आहेत, हे आधी सांगते. खानदेशी माणूस तोंडावर बोलतो. सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार तिखटाची. एकाने अहिराणीत लिहिलंय, "चांगलं शे, पन तिखट नही." धाकटीला सँडविचमध्ये मिरची घालायची नव्हती, मोझरेला चीजची चव मरते म्हणून. थोरलीने मार्ग काढला. ठेच्याची वाटी बाहेर ठेवली, ज्याला हवं त्याने लावून घ्यावं. माझं मत धाकटीच्या बाजूने आहे, पण गिऱ्हाईक थोरलीच्या बाजूने गेलं, आणि ते त्यांनी मानलं.

दुसरी तक्रार भावाची. एक सँडविच १२० रुपयांना. एका बाईंनी लिहिलं की एवढ्या पैशांत घरच्या सगळ्यांचं भरीत होतं. खरं आहे. पण मोझरेला, ऑलिव्ह तेल आणि माझा पाव धरला तर ११० च्या खाली ते परवडत नाही, हे मला हिशेबाने ठाऊक आहे. तरी त्यांनी ७० रुपयांत अर्धं सँडविच सुरू केलं. आता कॉलेजची मुलं अर्धंच घेतात, आणि पहिल्यांदा येणारी मोठी माणसंही.

पावसाळ्यात एकाने लिहिलं, पाव भिजतो, खालून फाटतो. ही तक्रार बिनचूक होती. काप्रेझे सँडविचमध्ये टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल असते आणि पहिले दोन्ही पाणी सोडतात. दुसऱ्या दिवसापासून थोरली मोझरेला मलमलच्या फडक्यात टांगून ठेवायला लागली. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून चाळणीवर निथळायला ठेवते. पाव आतून तव्यावर हलका शेकून घेते, म्हणजे पाणी पावात शिरायला वेळ लागतो. मी समोर उभी राहून हे पाहिलं आहे. आजोबा लोकांनी लिहिलं की चाबाताचा पापुद्रा कडक असतो, दातांना झेपत नाही. त्यांच्यासाठी मऊ फोकाचियाचं सँडविच पाटीवर चढलं.

निवृत्त गुरुजींचा एक लांब अभिप्राय आहे. देवाची तुळस तव्यावर कशी टाकता, असा त्यांचा सवाल होता, आणि तो रागाने नाही, दुखावल्यासारखा विचारलेला होता. बेसिल म्हणजे आपला सब्जा. ज्याचं बी आपण उन्हाळ्यात सरबतात, फालुद्यात घालतो, तेच झाड. तुळशीच्या कुळातलं आहे, पण वृंदावनातली तुळस वेगळी. धाकटीने दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवून पानं दाखवली, वास घ्यायला लावला. गुरुजींनी त्याच पानाखाली दुसऱ्या दिवशी लिहिलं की शंका मिटली.

एका जैन कुटुंबाने चीजबद्दल विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. इटलीतल्या अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तो त्यांचा नियमच आहे. म्हणून या ट्रेलरवर ते चीज कधी आलंच नाही. जे वापरतात त्याचं हिरव्या ठिपक्याचं पाकीट त्या प्रश्नानंतर खिडकीत समोर लावलेलं असतं. लसूण नसलेला पेस्टोही, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, वेगळ्या डब्यात ठेवतात. पेस्टोवरून आठवलं. पुण्यात नोकरी करणारा एक इंजिनिअर सुट्टीत आला होता. त्याने लिहिलं, यात चिलगोजे नाहीत, शेंगदाणे आहेत, हा जेनोव्हाचा पेस्टो नव्हे. त्याचंही बरोबर. पाटी बदलून 'शेंगदाण्याचा पेस्टो' असं स्पष्ट लिहिलं गेलं. ते फक्त प्रामाणिकपणासाठी नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला ते कळलंच पाहिजे.

आणि वांगं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपण सगळे अभिमान सांगतो. या दोघी हिवाळ्यात ते हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं उभं कापून, तेल-मीठ लावून जाळीवर भाजतात आणि फोकाचियात घालतात. इटलीत भाजलेलं वांगं सँडविचमध्ये घालतातच. यावर वहीत दोन तट पडले आहेत. अर्धे म्हणतात कमाल, अर्धे म्हणतात वांग्याचं एकच करायचं असतं, भरीत, सोबत कळण्याची भाकर. मला स्वतःला ते सँडविच मनापासून आवडतं. अशा वादासाठी तरी लोक त्या गाडीपाशी थांबत होते.

महोदय, गिऱ्हाइकाने सांगायचं, विकणाऱ्याने ऐकायचं, बदलायचं, हे आपल्या गावात दोन बायका करत होत्या. आपल्या पत्रातल्या 'प्रतिकूल अभिप्राय' या दोन शब्दांनी त्या कामावर बोळा फिरवला.

इंटरनेटवरचे एक तारा दिलेले अभिप्रायही मी वाचले आहेत. सगळे. एक सोमवारचा आहे, गाडी बंद होती म्हणून. सोमवार हा त्यांच्या सुट्टीचा वार, पाटीवर लिहिलेला. एकाची तक्रार अशी की चारचाकी लावायला जागा नाही. एकात नुसता तारा आहे, शब्द नाही. एकाला वीस मिनिटं थांबावं लागलं. हे खरं असणार, रविवारी गर्दी असते. यातल्या कोणत्या कारणावरून कोणाचं पोट तोडायचं? भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं. अभिप्राय देणारा खरा माणूस आहे का हे तपासावं, अभिप्राय पारदर्शकपणे गोळा करावेत आणि दाखवावेत, असं त्याचं सांगणं आहे. ते मानक वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी आहे. पण ज्या माहितीची शहानिशा करा असं देशाची मानक संस्था सांगते, ती माहिती शहानिशा न करता सरकारी पत्रात कारण म्हणून कशी येते?

माझ्या मुलीने मला आणखी एक सांगितलं. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास केला होता. सरासरीत एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात निघालं, आणि हा परिणाम मोठ्या साखळी हॉटेलांवर नाही, स्वतंत्र छोट्या धंद्यांवर दिसला. म्हणजे ताऱ्यांचा मार छोट्यालाच बसतो. त्यावर नगरपरिषदेचाही मार बसला तर उभं राहायचं कशावर?

एक अभिप्राय मात्र मी बाजूला काढते, कारण तो गंभीर आहे. एका गिऱ्हाइकाने लिहिलं की सँडविच खाऊन रात्री पोट बिघडलं. ही तक्रार कोणीही हलकी समजू नये. अन्न विकणाऱ्याने तर नाहीच. दोघींनी त्याला त्याच जागी उत्तर देऊन कोणत्या दिवशी, काय खाल्लं ते विचारलं. उत्तर आलं नाही. पण ती तक्रार खरी आहे असं धरलं, तर तिच्यासाठी कायद्याने रस्ता दिलेला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी येतो, नमुना घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो, अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. स्वच्छतेत उणीव आढळली तर कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देता येते. यातलं काय झालं? काही नाही. ट्रेलरच्या काचेवर त्यांचा १४ अंकी नोंदणी क्रमांक लावलेला आहे, तो टिपून घ्यायलाही कोणी आलं नाही.

मी रोज पाव घेऊन जाते, म्हणून आत काय चालतं ते सांगू शकते. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम ६० च्या वर, मधल्या तापमानात जंतू वाढतात, हा नियम धाकटीने फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवला आहे. फ्रिजमध्ये तापमापक आहे. कच्च्या अंड्याचं मेयोनीज त्या ठेवतच नाहीत. तरीही माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तपासा. नमुना घ्या. अहवाल येईल तो दोघींना मान्य असेल, तसं त्यांनी आपल्याला लेखी कळवलं आहे.

आता दुसरा कायदा. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम २०१४ हा संसदेने केलेला कायदा आहे. रस्त्यावर धंदा करण्याचा हक्क हा व्यवसायाच्या मूलभूत हक्कात येतो, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात सांगितलं होतं. २०१४ च्या कायद्याने ती वाजवी पद्धत ठरवून दिली. जागा बदलायची किंवा हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस. मुदत संपूनही विक्रेता हलला नाही तरच सामान जप्त करायचं, त्याची यादी त्याच्या हातात द्यायची. नाशवंत माल मागणी केल्यावर शुल्क घेऊन त्याच दिवशी परत करायचा. प्रत्यक्षात काय झालं? नोटीस नाही. यादी नाही. आत सत्तर-ऐंशी सँडविचांचं सामान होतं, फ्रिज बंद पडलेला. थोरली संध्याकाळपर्यंत आपल्या दारात किल्ली मागत बसली, साहेब दौऱ्यावर आहेत असं सांगितलं गेलं. किल्ली मिळाली तेव्हा आतल्या मोझरेलाचा वास फाटकापर्यंत येत होता. ज्यांच्यावर शिळ्या अन्नाचा संशय घेतला, त्यांचं ताजं अन्न आपल्या आवारात नासलं.

याच कायद्याने नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिचे अध्यक्ष मुख्याधिकारी या नात्याने आपणच. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायला हवं आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. आपल्या गावात ही समिती कधी बसली, तिच्यात कोण आहे, हे बाजारातल्या कोणत्याही हातगाडीवाल्याला विचारून पाहा. आणि थोरली जाऊ आपल्याला अनोळखी नाही. २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली तेव्हा ती पथविक्रेती आहे असं शिफारसपत्र आपल्याच कार्यालयाने दिलं. त्यावर तिने दहा हजारांचं पहिलं कर्ज घेतलं आणि फेडलं. तेव्हा पथविक्रेती असलेली बाई आज अतिक्रमण कशी झाली? ट्रेलर रस्त्यात येतो असं आपलं म्हणणं असेल तर फीत घेऊन या, मोजा, पांढरा पट्टा मारून द्या. दोघी पट्ट्याच्या आत राहतील.

कॉलेज रस्त्यावरची गटार उघडी आहे, हे मी लिहायची गरज नाही, आपण त्याच रस्त्याने कार्यालयात येता. तिथे पाण्याचा एकही नळ नाही. कचऱ्याचा डबा होता, त्याचा पत्रा सडून गेला. रोजची बाजार फी मात्र न चुकता फाडली जाते. दोघी घरून कॅनमध्ये पाणी आणतात, कचरा पिशवीत बांधून रात्री परत नेतात. स्वच्छतेची काळजी असेल तर तिची सुरुवात त्या गटारीवर झाकण टाकून करता येईल.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही ताऱ्यात मावणार नाही. आपल्या गावात संध्याकाळी सातनंतर मुलींनी उभं राहून काही खावं अशा जागा किती आहेत? चहाच्या टपऱ्या आहेत, पानाच्या आहेत, तिथे पुरुषांचे घोळके असतात. वसतिगृहातल्या मुली खालमानेने जातात. यावल, चोपडा, शहाद्याकडच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या मुली आहेत या. बाईच्या हातची गाडी, भरपूर उजेड, समोर बाक, आणि कोणी उगाच रेंगाळला तर थोरलीचा आवाज. त्या मुलींनी तिथे अभ्यासाच्या गप्पा मारल्या, एकीने वाढदिवस केला, घरी उशिरा फोन लागला तर 'ताईंच्या गाडीपाशी आहे' असं सांगितलं की आई-बापाचा जीव भांड्यात पडायचा. माझी मुलगीही त्यांच्यातली एक. वहीत त्यांचे अभिप्राय छोटे आहेत, बहुतेकींनी नावही लिहिलेलं नाही. त्यांतला एक मला तोंडपाठ झाला आहे: इथे उभं राहायला भीती वाटत नाही. ज्या दिवशी ट्रेलर उचलला त्या संध्याकाळी त्या जागी अंधार होता. आता तिथे मोटारसायकली लागतात. हे आपण मुद्दाम केलं नसेल, पण झालं ते आपल्या निर्णयाने झालं.

काही नगरसेवकांनी खाजगीत म्हटल्याचं कानावर आलं की इटालियन-बिटालियन हवंय कशाला, शेवभाजीचे स्टॉल लावा. शेवभाजीचे स्टॉल जरूर लावा, मीही खाईन. पण लोकांनी काय खावं हे ठरवणं नगरपरिषदेच्या कामात येत नाही. अन्न स्वच्छ आहे का, जागा नीट आहे का, फी भरली का, एवढंच तिने पाहावं आणि नीट पाहावं.

आमच्या मागण्या अशा.

ज्या तक्रारींवरून कारवाई झाली त्यांच्या प्रती दोघींना द्याव्यात. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं असेल तर ठेवा, पण तारीख आणि मजकूर द्या, म्हणजे उत्तर तरी देता येईल.

अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवून ट्रेलरची आणि पदार्थांची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल नगरपरिषदेच्या फलकावर लावावा, तो काहीही असो.

तपासणी होईपर्यंत ट्रेलर दोघींच्या ताब्यात द्यावा आणि त्याच जागी, आखून दिलेल्या पट्ट्यात, धंदा करू द्यावा. जागा बदलायचीच असेल तर ३० दिवसांची नोटीस देऊन, म्हणणं ऐकून घेऊन, आणि दुसरी जागा उजेडाची व वर्दळीची देऊन.

नासलेल्या मालाचा पंचनामा आजवर झालेला नाही. तो करावा आणि भरपाई द्यावी. बिलं जोडली आहेत, माझ्या पावाचं बिल त्यातून मी वगळलं आहे.

नगर पथविक्रेता समितीची निवडणूक आणि सर्वेक्षण यांची तारीख जाहीर करावी. हे फक्त या ट्रेलरसाठी नाही. उद्या भेळवाल्याची, परवा केळीवाल्या मावशींची पाळी येऊ नये म्हणून.

कॉलेज रस्त्यावर एक नळ, झाकलेली गटार आणि कचऱ्याचा डबा द्यावा. त्यासाठी रोजच्या फीत वाढ करायची असेल तर विक्रेत्यांशी बोलून करावी, देणारे देतील.

यापुढे इंटरनेटवरचे तारे हे कोणत्याही कारवाईचं एकमेव कारण धरू नये, असा ठराव करावा.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. त्या दिवशी दोघी जावा, मी, वहीत लिहिणारी जी गिऱ्हाइकं येतील ती, आणि ज्यांनी वाईट लिहिलं तेही आले तर त्यांच्यासह, आम्ही सभागृहाबाहेर थांबणार आहोत. आत बोलावलं तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊ.

आपली,
एक बेकरीचालक आणि कर भरणारी रहिवासी